स्वरमंडळाच्या तारा आणि आमची चोरी

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो, ते आपले आपण साठतात. कपाटाच्या खणात दोऱ्या, किल्ल्या, बटणं साठतात तसे. एक शोधायला हात घालावा तर दहा बाहेर येतात, आणि हवा होता तो सगळ्यांत शेवटी. मी रत्नागिरीच्या तार ऑफिसात कडकट्ट करत होतो त्या काळातले आमच्या मंडळींचे किस्से माझ्याकडे असेच पडून आहेत. ऐकणारे म्हणतात, “मास्तर, काय मजेचे दिवस असतील नाही!” मजा कसली डोंबलाची! हसू आत्ता येतं. तेव्हा नुसता घाम यायचा.

मंडळ म्हणजे तरी काय, आम्ही तिघे. नाना वकील, कोर्टातून सुटले की गाण्यात. दाऊदभाई, यांचा बंदरावर कौलांचा नि लाकडाचा व्यापार, पण कान असा तयार की भले भले गवई त्यांच्यासमोर जपून गायचे. तिसरा मी. गायचं कुणालाच नीट येत नव्हतं, म्हणून आमचं जमलं.

आणि आमचं दैवत होते दाजीबुवा. जातीचे गुरव, देवळात पूजा करणारे. तरुणपणी घरातून पळून उत्तरेकडे कुणा गुरूकडे बारा वर्षं राहिले आणि तिथून अशा चिजा घेऊन आले की त्या मुंबईतही कुणी ऐकल्या नव्हत्या. पण गुरूनं तंबोऱ्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. चीज कागदावर उतरू द्यायची नाही! बुवा ती शपथ देवासारखी पाळत. मैफलीत दोनचार नेहमीच्या चिजा गायच्या, बाकीच्या पोटात.

बुवांच्या साथीला त्यांची मुलगी बायो स्वरमंडळ घेऊन बसे. तीसपस्तीस तारांचं वाद्य, मांडीवर घेऊन बोटांनी छेडायचं. बायो विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. बोलायची कमी. तिच्याकडून साथीत चूक झालेली मी एकदाही ऐकली नाही.

*

रत्नागिरीचा खारा वारा माणसाला मानवतो, तारेला मानवत नाही. दोन महिन्यांत गंज, तिसऱ्या महिन्यात ठण्णकन तुटली! तारा मुंबईहून बोटीनं यायच्या, येतील तेव्हा येतील.

एकदा दाऊदभाई मुंबईहून आले ते बायोसाठी तारांचं पुडकं घेऊनच. आम्ही तिघे सकाळी बुवांच्या ओटीवर गेलो. बायोनं जुन्या तारा काढल्या, नव्या चढवल्या, चावीनं एकेक खुंटी पिळत सूर लावला. दीड-दोन तास गेले. बुवा झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते. शेवटी बायोनं सगळ्या तारांवरून बोट फिरवलं, आणि बुवांनी एकदम एक चीज धरली. आम्ही कधीच न ऐकलेली!

गाऊन झाल्यावर म्हणाले, “नव्या तारेवर शिळं गाणं गाऊ नये.” एवढंच.

वाटेत नाना वकील थांबले. म्हणाले, “मास्तर, लक्षात आलं का? भेट नवी, तर चीज नवी!” त्या दिवसापासून आम्ही भेटी शोधायला लागलो. तारा झाल्या. पितळेची चावी झाली. नानांच्या बायकोनं जुन्या शालूची वाद्याला गवसणी शिवली. दाऊदभाईंनी फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली. दर भेटीला बायो वाद्य नव्यानं लावी आणि बुवा एक चीज बाहेर काढीत. देवाला नवस फेडत नसतील लोक इतक्या नेमानं!

*

हे वर्षभर चाललं. एकदा मी पाणी प्यायला मागल्या पडवीत गेलो तर बायो तिथे उभी. तांब्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, “मास्तर, तुम्ही कट्टकट्ट ऐकून अक्षरं लिवता ना?”

“हो.”

“मग सूर ऐकून लिवता येणार नाय?”

मी तांब्या खाली ठेवला. तिनं सगळं सांगितलं. हे घर चुलत भावाच्या नावावर होतं, तो मुंबईला. बुवांच्या मागे तिनं मुंबईला येऊन त्याच्या घरची चूल सांभाळायची, असं त्यानं कळवूनही टाकलं होतं. गावातल्या मुलींच्या शाळेत गाण्याची बाई नेमणार होते. पण त्यांची अट होती : बाईला नोटेशन यायला हवं, आणि स्वतःच्या परंपरेतल्या चिजांची लिहिलेली वही हवी. नोटेशन बायो एका छापील पुस्तकावरून चोरून शिकली होती. वही नव्हती.

“तुम्ही स्वतःच लिहा की,” मी म्हटलं. “तुम्हाला तर सगळं ऐकून पाठ असेल.”

“शपथ बाबांची हाय, ती मी मोडू?” ती म्हणाली. “तुम्हाला कुणी घातलेली नाय.”

मी नानांना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि कोर्टात बोलतात तसे बोलले, “मास्तर, चोरी वस्तूची होते. सूर बुवांच्या घशातून निघून तुमच्या कानात शिरला, तर तो तुमच्या कानाचा. आणि ज्याचा कान त्याची पेन्सिल!” नाना बरेच खटले का हरत ते मला त्या दिवशी कळलं. पण मला हो म्हणायचंच होतं. बायो दुसऱ्याच्या चुलीपाशी बसलेली माझ्या डोळ्यांपुढे येत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

*

पहिल्या दिवशीच मी पकडला जायचा होतो!

धोतराच्या घडीत कागद, वर उपरणं, मुठीत पेन्सिलीचा तुकडा. नोटेशनच्या खुणा बायोनं शिकवलेल्या, त्या न बघता लिहायच्या. बुवांनी चीज धरली. पेन्सिल धरलेला उजवा हात उपरण्याखाली चालू होता, पण तार ऑफिसची सवय, डावा हात स्वस्थ बसेना. प्रत्येक सुराला बोट जमिनीवर आपटायला लागलं. कट्ट. कडकट्ट. मला पत्ताच नाही! दाऊदभाई डोळे वटारतायत, नाना खोकतायत.

बुवा मध्येच थांबले. “मास्तर, तार कुणाला करताव?”

मी बोट तिथेच आवरलं. तोंडातून निघालं, “घरी, बुवा. यायला उशीर होईल म्हणून.”

बुवा म्हणाले, “मग पुरी करा. अर्धी तार गेली तर घरची माणसं घाबरतात.” आणि चीज पहिल्यापासून धरली!

घरी येऊन कागद काढला. ओळीवर ओळ, अक्षरावर अक्षर. एका चिजेची अक्षरं लावायला मला आठवडा लागला.

*

वही लपवायची कुठे, हा पुढचा घोर. बायोकडे ठेवायची तर बुवांचं घर. माझ्याकडे ठेवायची तर तिला सराव कसा होणार?

वाट दाऊदभाईंच्या भाच्यानं दाखवली, तीही चुकून. दाऊदभाईंनी त्याला मुंबईला लिहिलं होतं, “स्वरमंडळाच्या नोटेशनचं पुस्तक मिळालं तर धाड. साहेब लोक असल्या वाद्याला हार्प म्हणतात.” भाचा आज्ञाधारक. गोऱ्यांच्या दुकानात गेला आणि हार्पच्या नोटेशनचं जाडजूड पुस्तक घेऊन त्यानं बोटीवर चढवलं. निळी पाठ, सोनेरी अक्षरं, आत पाच पाच रेघा आणि त्यांवर टिंबंच टिंबं.

बायोनं ते उलटसुलट करून पाहिलं. “ह्याच्यात सा कुठं हाय?”

“सगळीकडे असेल,” दाऊदभाई म्हणाले. “एवढे ठिपके आहेत, एखादा तरी निघेल!”

त्या ठिपक्यांचा आम्हाला उपयोग शून्य, पण पुठ्ठा झकास होता. नानांच्या कारकुनानं पहिली आठ पानं साहेबाची ठेवून मधली काढली आणि आमची वही आत शिवून टाकली. पुस्तक राजरोस स्वरमंडळाच्या पेटीत राहू लागलं.

एका सकाळी आम्ही ओटीवर असतानाच बुवांनी ते हातात घेतलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मी मोजत होतो. बायोनं तारेवरचं बोट उचललंच नाही. सहा. सात. आठवं पान उलटायला त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि नाना वकील एकदम ओरडले, “साप!”

सगळे उठले. काठ्या आल्या, कोनाडे हलवले, शेजारचे धावून आले. पुस्तक झोपाळ्यावर पडलं ते बायोनं उचलून पेटीत टाकलं. साप कुठला सापडतोय! पण शेजाऱ्यांनी नानांच्या शब्दाखातर बुवांची अर्धी गवताची गंजी उपसली, आणि ती परत रचायला आम्हाला तिघांना संध्याकाळ झाली.

*

मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस होते. गावात पोलीस वाढलेले, आणि तार ऑफिसातल्या माणसावर तर आधीच नजर. नेमकं तेव्हाच नानांना भेट सुचली. त्यांच्या भावाकडे परवान्याची बंदूक होती. तिला चोळायच्या तेलानं लोखंड गंजत नाही, तर तारा तरी का गंजतील? तेलाचा डबा माझ्या हाती दिला. मी तो पिशवीत टाकला. त्याच पिशवीत कालच्या चिजेचा कच्चा कागद होता.

बाजाराच्या तोंडाशी चौकी. नवे फौजदार साताऱ्याकडचे. त्यांनी पिशवी उघडली, डबा हुंगला आणि खुर्चीतून उठले. “बंदूक कुठं हाय?”

“बंदूक नाही साहेब, स्वरमंडळ आहे.”

“आन् ह्ये काय?” कागद हातात. सा, रे, रेघा, आकडे, फुल्या, शून्यं. “फुली म्हंजी ठिकान, शून्य म्हंजी वेळ. बरोबर? कोड हाय!”

“साहेब, फुली म्हणजे सम. शून्य म्हणजे खाली. गाणं आहे हो हे!”

“मग गाऊन दाखवा.”

आता आली का पंचाईत! गावं तर दहाच्या सुमाराला बुवा त्याच रस्त्यानं देवळातून परत येतात. त्यांच्या कानावर त्यांचीच चीज पडली तर बायोचं सगळं संपलं. न गावं तर माझी नोकरी जाणार आणि वर तुरुंग. घड्याळात पावणेदहा. मी होईल तितक्या बारीक आवाजात गायला लागलो. दोन ओळींत फौजदारांनी हात वर केला. “बास! ह्ये गानं आसंल तर गुन्हा लई मोठा हाय!”

बातमी कळून नाना धावत आले आणि त्यांनी बायोला बोलावून घेतलं. ती वाद्य पदराखाली धरून आली. चौकीत बाईमाणूस येणं म्हणजे गावभर चर्चा, पण ती आली. खाली बसली, कागद समोर घेतला आणि वाजवू लागली. शिपाई एकेका अक्षरावर बोट ठेवून बघत होता. सगळं जुळत गेलं. फौजदारांचा चेहरा सैल पडला.

आणि दारात बुवा उभे!

बायोचा हात थांबला. फौजदार म्हणाले, “या बुवा. तुमी जानकार. ही चीज वळखता का?”

बुवांनी कागदाकडे पाहिलं नाही. लेकीच्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नाय,” ते म्हणाले. “माझ्या ऐकिवातली नाय. पण गाणं हाय ते. ह्या मास्तरांचा गळा मी मघाशी रस्त्यावरनं ऐकला. असल्या गळ्याचा माणूस सरकारचं काय वाकडं करणार? सोडा त्यांना.”

सुटलो! बाहेर आल्यावर नाना माझ्या कानाशी लागले, “म्हातारा विसरायला लागला, मास्तर. स्वतःची चीज ओळखली नाही! आता घाई करायला हवी.” मला रडू आलं. त्यात भीती किती नि वाईट किती वाटलं, ते आजही सांगता येणार नाही.

*

पुढच्या पावसाळ्यात बुवांचा खोकला वाढला. शाळेची परीक्षा दसऱ्यानंतर ठरली होती. वहीत एकवीस चिजा झाल्या होत्या, आणखी एक मिळाली तर बरं, असं बायो म्हणे. पण बोटी बंद. नारळी पौर्णिमा होईपर्यंत मुंबईचं काही येणार नाही. तारा नाहीत, तेल नाही, गावातला सोनारसुद्धा तापानं पडलेला. भेट आणायची कुठून?

शेवटी मी जुन्या पुडक्याचा कागद घेतला, आत वाळलेलं गवत भरलं, वर दोरा बांधला आणि बुवांसमोर बायोच्या हातात दिला. तिनं ते उघडलं. माझ्याकडे पाहिलं. तोंडावरची रेघ न हलवता खुंट्या सैल केल्या, त्याच गंजक्या तारा पुसल्या, त्याच परत ताणल्या. तासभर हे नाटक चाललं. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा.

तिनं बोट फिरवलं. आवाज कसा यावा? खर्र!

बुवांनी डोळे मिटले. “वा! नव्या तारांची गोष्टच न्यारी,” म्हणाले, आणि खोकत खोकत बाविसावी चीज गायली.

*

आता शाळेतला दिवस.

परीक्षक मुंबईचे होते. काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं तोलूनमापून. शाळेच्या मोठ्या खोलीत कमिटीचे चार लोक, मागच्या बाकावर आम्ही तिघे. बुवांना काहीच सांगितलं नव्हतं. बायो घरी देवळात जाते म्हणून सांगून निघाली होती. वहीत बावीस चिजा आहेत, हे तिच्याशिवाय आम्हा तिघांनाच ठाऊक.

बायो गायली. आवाज लहान, पण स्वच्छ. हात तारांवर असले की तिला भीती वाटत नसे. चीज संपली. कमिटीचे लोक माना डोलवत होते. नाना माझ्या मांडीवर चापट मारणार होते, तेवढ्यात परीक्षकांनी वही मागितली.

पहिली आठ पानं साहेबाची बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढे ते सावकाश वाचत गेले. खोलीत पानांचा आवाज तेवढा.

“बाई,” ते म्हणाले, “चिजेच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव असतं. छाप. ती कुठे आहे?”

बायोनं वहीकडे पाहिलं.

“यांतल्या एकाही चिजेला छाप नाही. प्रत्येक अंतरा एक ओळ आधीच संपतो.” त्यांनी वही मिटली. “ह्या कुणा गुरूच्या चिजा नाहीत. ह्या तुम्ही घरी बसून रचल्यात.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही ऐकत होतो, लिहीत होतो, आणि नाव नाही याचं आम्हाला कधी नवलच वाटलं नव्हतं! नाना एकदा म्हणालेही होते, “गुरू किती निरिच्छ, स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही!” बायोलाही माहीत असणार कसं? गुरूच्या पुण्यतिथीला बुवा दार लावून एकटेच गायला बसत. त्या खोलीत तिलाही मज्जाव होता. बुवांनी कुणापुढेच कधी एकही चीज पुरी गायली नव्हती. पुरी कुणी ऐकलीच नाही, तर कागदावर उतरणार कुठून!

“खोटी वही आणणारी बाई मुलींना काय शिकवणार?” कमिटीतला एक जण म्हणाला. बायोनं स्वरमंडळ गवसणीत घालायला घेतलं. ते उलटं घातलं, काढलं, परत उलटंच घातलं. त्या हातांची चूक मी तोपर्यंत पाहिली नव्हती. माझ्या मनात आलं, उठावं आणि त्या माणसाच्या कानाखाली जाळ काढावा. मी उठलोही.

मागून काठीचा आवाज आला.

दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून बुवा उभे होते. कधीपासून, देव जाणे. कुणाकडे न बघता ते पुढे आले आणि लेकीला म्हणाले, “बायो, सूर दे गो.”

तिनं गवसणी बाजूला केली. तारांवरून बोट फिरवलं. बुवांनी तिचीच चीज अंतऱ्यापासून धरली, ती जिथे थांबली होती तिथपर्यंत आणली, आणि तिथे क्षणभर थांबले. मग कानाची पाळी धरली आणि शेवटची ओळ गायली. ओळीत त्यांच्या गुरूचं नाव होतं. चीज समेवर येऊन मिटली.

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बायो मान खाली घालून रडत होती.

बुवा चालत मागच्या बाकापाशी आले, माझ्या शेजारी बसले, काठी दोन पायांत धरली, थोडा दम घेतला.

“लिवा मास्तर,” ते म्हणाले. “अजून एकवीस ओळी हायत.”